बिनकानाचा कप

आईने ट्रंकेच्या तळातून जुन्या पोलक्यात गुंडाळलेला एक कप काढला आणि माझ्या हातात दिला.

"घासून आण. राखेनं घास, साबण नको."

कप पांढरा होता, म्हणजे कधीकाळी असावा. त्याला कान नव्हता. कान होता तिथे दोन खडबडीत टवके उरले होते, आणि काठापासून एक चीर निम्म्यापर्यंत उतरली होती. बशी तर नव्हतीच.

"हा कशाला काढलास? फळीवर निळ्या फुलांचा सेट आहे की," मी म्हणाले.

"त्यो आपल्यासाठी. ह्यो पाव्हण्यासाठी."

तेवढ्यात बाहेर हातगाडीचा खडखडाट झाला. बाबा अनवाणीच अंगणात धावले. त्यांचे थोरले भाऊ, आमचे एलीयाकाका, वीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या दारात आले होते. शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि आमच्या चर्चच्या मंडळीचे मुख्य पंच. पांढरं धोतर, काळा कोट, हातात छत्री. गाडीवर एक मेज उलटं घातलेलं होतं, पाय आभाळाकडे. चारातले तीनच होते.

"दादा, या, या," बाबा म्हणत होते. त्यांचा आवाज लग्नघरातल्या माणसासारखा झाला होता.

मी मोरीवर कप घासत बसले. काळा पडलेला तो कप काही केल्या उजळेना. आईने मागून येऊन तो पाहिला आणि म्हणाली, "लई नको उजळवू. वळखू यायला पायजे."

हे सगळं सुरू झालं आमच्या नव्या पाळकांमुळे. उजागरे पाळक तरुण होते, बोलता बोलता चष्म्याच्या काचा पुसायचे, आणि त्यांच्याकडे नव्या नव्या टुमांची कमी नव्हती. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला त्या बुधवारी त्यांनी उपदेशात सांगितलं, यंदा नुसतं मटण सोडून भागणार नाही. प्रत्येक कुटुंबाने घरातली एक मोडकी वस्तू काढायची आणि सगळ्यांनी एकत्र बसून ती नीट करायची. आधी गीत, मग वचन, मग प्रार्थना, मग काम. ज्यांचं कुटुंब फुटलंय त्यांनी फुटलेल्यांना बोलवायचं. आणि पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, ती वस्तू मंदिरात आणायची.

कोणी शिवणयंत्र म्हटलं, कोणी पाळणा. एलीयाकाका पहिल्या बाकावरून उठले आणि कोणाला न विचारता म्हणाले, "आमच्या वडिलांनी केलेलं प्रभुभोजनाचं मेज माझ्याकडे आहे. ते मी आणि माझा भाऊ दाविद मिळून नीट करू." बाबांच्या डोळ्यांत तिथेच पाणी आलं. आईने माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की त्याचा वळ दोन दिवस होता.

मेजाची गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक. मंदिर म्हणजे कुडाची एक खोली होती तेव्हा आजोबा तिथे उपदेशक होते, आणि ते मेज त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं. पुढे दगडी मंदिर झालं, शहरातून चकचकीत मेज आलं, आणि आजोबांचं मेज काकांच्या शेळ्यांच्या गोठ्यात गेलं. एक पाय वाळवीने खाल्ला. बाकीच्या मेजावर कोंबड्या बसायच्या.

पहिल्या संध्याकाळी अंगणात सतरंजी अंथरली. बाबांनी गीत सुरू केलं, काकांनी वचन वाचलं. काकांचं वाचन म्हणजे ऐकण्यासारखं, शब्द न् शब्द नाणं वाजवल्यासारखा. प्रार्थना झाली. मग आईने ओट्यावरून मला खूण केली आणि मी चहा घेऊन गेले. बाबांना आणि मला निळ्या फुलांचे कप. काकांपुढे बिनकानाचा.

बाबांनी तो कप पाहिला मात्र, त्यांचा चेहरा उतरला. ते उठून ओट्यावर गेले. हळूच बोलले, पण मला ऐकू आलं.

"सगुणा, आज नको गं."

"चहा देऊ नको का?"

"मी कशाबद्दल बोलतोय ते तुला कळतंय."

"मला कळतंय. तुमास्नी कळतंय. आता ज्याला कळायला पायजे त्याला कळू द्या."

काकांनी कप दोन्ही तळव्यांत धरला. कान नसला की गरम कप तसाच धरावा लागतो. चिरेतून चहा पाझरत होता, त्यावर त्यांनी अंगठा दाबला. आई दाराआडून त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि मी आईकडे. काकांनी एक घोट घेतला.

"आलं घातलंय वाटतं," ते म्हणाले आणि सगळा चहा संपवला. मग उठून मोरीवर गेले, कप स्वतः विसळला आणि बाहेर ओट्याच्या कडेला पालथा घालून ठेवला. मला त्याचाही राग आला. आमच्या घरात भांडंसुद्धा आत आणून द्यायला या माणसाला कमीपणा वाटतो, असं मी मनात म्हणाले आणि कप उचलून आत नेला. आई तेव्हा चुलीपाशी वळली होती.

ते गेल्यावर आईने मला कपाची गोष्ट सांगितली. भाकऱ्या थापत, माझ्याकडे न बघता.

आमचे आजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले, आईचे वडील मांगवाड्यातून. दोघांनी एकाच प्रभूचं नाव घेतलं, पण दोन वाड्यांमधला ओढा काही कोणी बुजवला नाही. बाबांनी सुतारशाळेत असताना आईला तिच्या गावच्या मंदिरात पाहिलं आणि हट्टाने लग्न केलं. नवी नवरी म्हणून ती काकांच्या दारात आली. आत सगळी मंडळी बसली होती. सगळ्यांना कपबशीतून चहा गेला. तिला मात्र पडवीत, खांबापाशी बसवलं. पडवीच्या कोनाड्यात एक बिनकानाचा कप असायचा, सरपण घेऊन येणाऱ्या बाईसाठी ठेवलेला. त्यातून तिला चहा दिला. काकांनी स्वतः आणून दिला, आणि आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझा हा वेगळा."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"प्याले. नवी नवरी काय करनार? तिसऱ्या म्हैन्यात आमी वेगळं निघालो तवा ट्रंकेत घालून आनला. म्हनलं, माझा वेगळा हाय ना, मग माझाच हाय."

वीस वर्षं आई मंदिरात जात होती, मागच्या बाकावर बसत होती, पण प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, कधी पुढे गेली नाही. लहानपणी मला वाटायचं, आईने काही पाप केलंय. त्या दिवशी कारण कळलं. घरात वेगळा कप आणि मंदिरात एकच प्याला, हे तिला गिळता येत नव्हतं. आणि मंदिरातला तो प्याला पंच म्हणून प्रत्येकाच्या ओठी लावायचे ते एलीयाकाकाच.

"आता रोज त्यांना त्यातूनच देणार?"

"रोज. ज्या दिशी ते त्यो कप वळखतील, त्या दिशी मी त्यांना माफ करीन. माजा शबुद हाय." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "पर वळखायला पायजे त्यांनी. मी सांगनार न्हाई."

माझं तेव्हा एकोणिसावं चालू होतं. झावळ्यांच्या रविवारी माझं दृढीकरण, म्हणजे मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणं, व्हायचं होतं आणि पवित्र गुरुवारी मी पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होते. मी आईला म्हणाले, "मी पुढे जाईन तेव्हा तूही माझ्याबरोबर ये." तिने मान हलवली, पण ती मान हो म्हणत होती की नाही, ते कळलं नाही.

त्यानंतर रोज काका यायचे. एक गोष्ट कबूल करायला हवी, माणूस कामचुकार नव्हता. बाबांनी त्यांना रंग खरवडायला बसवलं. मेजावर रंगाचे थर होते, हिरवा, त्याखाली तपकिरी, त्याखाली निळा, आणि वर कोंबड्यांची कृपा. हेडमास्तर कोट काढून, बाह्या दुमडून, काचेच्या तुकड्याने खरवडत बसायचे. आई कामात कमी पडत नव्हती. ती लाकूड जोडायला सरस शिजवायची, त्याचा वास सगळ्या आळीत जायचा. मी पॉलिश पेपर घासायची. गीत व्हायचं, वचन व्हायचं, प्रार्थनेत बाबा 'जे तुटलं ते जोड' म्हणायचे. त्या वेळी आईचे डोळे उघडे असायचे. मला कसं माहीत, तर माझेही उघडे असायचे.

मग चहा. मी बिनकानाचा कप नेऊन ठेवायची, कधी मुद्दाम फुटका भाग त्यांच्याकडे करून. ते दोन्ही हातांनी उचलायचे, चिरेवर अंगठा दाबायचे, पिऊन विसळायचे आणि बाहेर ओट्यावर पालथा घालायचे. शेवटच्या घोटापर्यंत आई दाराआडून बघायची, मग चुलीकडे वळायची, आणि पालथा कप मीच आत आणायची. रोज. मला तिचा चेहरा बघवत नसे. परीक्षेच्या निकालाला गेलेल्या माणसाचा असतो तसा तो व्हायचा आणि रोज तसाच पडायचा.

"विसरलेत ते," एकदा मी म्हणाले. "तुझं वीस वर्षांचं दुखणं त्यांच्या लक्षातसुद्धा नाही."

"आसं कसं आसंल?" आई म्हणाली. पण तिच्या आवाजात मला पहिल्यांदा शंका ऐकू आली, आणि मला काकांचा जितका राग आला तितका त्याआधी कधी आला नव्हता. अपमान करणारा विसरला तर अपमान झालेल्याने जायचं कुठे?

चौथ्या पायाला लाकूड हवं होतं. बाजारातलं साग महाग आणि कच्चं. एके दिवशी काका खांद्यावर एक खांब घेऊन आले, त्या वयात, घामाने निथळत. बाबा धावले.

"दादा, हा कुठला?"

"पडवीचा. पडवी पाडली मी. काय उपयोग होता तिचा?" काका म्हणाले. "जुना साग आहे. पाय चांगला होईल."

आई हातातलं सरसाचं भांडं घेऊन उभी होती. तिने भांडं खाली ठेवलं, खांबापाशी आली आणि कमरेएवढ्या उंचीवर, जिथे लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झालं होतं, तिथे बोट ठेवलं.

"ह्याला टेकून बसले हुते मी," ती म्हणाली.

ती काकांशी बोलत नव्हती, पण काकांनी ते ऐकलं. ते खाली बसले आणि काचेचा तुकडा शोधू लागले. तो त्यांच्या समोरच पडला होता. मला वाटलं, आता बोलतील. बाबांचा रंधा थांबला होता. काका शेवटी म्हणाले, "दाविद, गाठ सोडून काप. गाठीतून चीर जाते."

आई आत निघून गेली. त्या दिवशीचा चहा तिने इतका गरम दिला की कोणाची जीभ भाजावी. काकांनी फुंकर न घालता प्यायला.

झावळ्यांच्या रविवारी माझं दृढीकरण झालं. त्या संध्याकाळी मेज चार पायांवर उभं राहिलं. बाबांनी स्पिरिटमध्ये लाखेचा चपडा विरघळवून पॉलिश केलं होतं, आणि सागाच्या रेषा अशा वर आल्या होत्या की हात फिरवावासा वाटे. पडवीच्या खांबाचा पाय बाकीच्या तिघांपेक्षा जरा काळपट दिसत होता. काकांनी मेजावर हात ठेवला आणि बाबांच्या खांद्यावर दुसरा. बाबा लहान मुलासारखे रडले. बाबांचं मला वाईट वाटत होतं. त्यांना भाऊ हवा होता, बस्स. पण भावाला मिळवायचं तर बायकोचा कप कुठेतरी ठेवावा लागतो, आणि तो कुठे ठेवायचा ते त्यांना वीस वर्षांत उमगलं नव्हतं.

जाताना काका ओट्याशी थांबले. आईचं नाव ते कधी घेत नसत. त्या दिवशीही घेतलं नाही. "गुरुवारी हन्नाचं पहिलं भोजन आहे," माझ्याकडे बोट करून ते बाबांना म्हणाले. "तिची आईही आली तर बरं होईल."

"येनार हाय मी," आई आतून म्हणाली.

बाबांना वाटलं, जिंकलो. मला आईचा आवाज माहीत होता.

पवित्र गुरुवारी मंदिर गच्च भरलं होतं. दुरुस्त केलेल्या वस्तू भिंतीपाशी ओळीने मांडल्या होत्या: शिवणयंत्र, पाळणा, बाजाची पेटी, एक कंदील. मधोमध, वेदीसमोर, आजोबांचं मेज. पांढरी चादर, भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचा मोठा चांदीचा मुलामा दिलेला प्याला. चकचकीत शहरी मेज कोपऱ्यात सरकवलेलं. म्हाताऱ्या बायका आजोबांचं मेज पाहून डोळे पुसत होत्या. आमच्याकडे बाक-बाक उठून मेजासमोर ओळ करतात. पाळक भाकर देतात आणि मागोमाग पंच प्याला प्रत्येकाच्या ओठी लावत जातात.

आमच्या बाकाची पाळी आली. आई उठली तेव्हा मागे कुजबुज झाली, वीस वर्षांत तिला उठलेलं कोणी पाहिलं नव्हतं. ती पुढे, तिच्या डाव्या हाताला मी. पाळकांनी तिच्या तळहातावर भाकर ठेवली. तिने खाल्ली. मग काका प्याला घेऊन तिच्यासमोर आले.

आईने पदराखालून बिनकानाचा कप काढला आणि पुढे धरला.

"माझा वेगळा हाय, भावजी," ती म्हणाली. "तुमीच दिल्याला."

तिने आवाज चढवला नव्हता, पण त्या मंदिरात खालच्या पट्टीतलं बोलणंही मागच्या बाकापर्यंत जातं. उजागरे पाळक पुढे झाले. "बाई, हे काय, इथे..." काकांनी त्यांना हाताने थांबवलं. ते कपाकडे बघत होते.

"ओळखला," ते म्हणाले.

आईने विचारलं, "कवा?"

"पहिल्याच दिवशी. हाताला लागला तेव्हाच."

आईने कप तसाच पुढे धरून ठेवला.

"मग बोलला का न्हाई?"

"मला वाटलं, रोज त्यातूनच निमूट पीत राहीन. उपवासकाळ आहे. देवाला कळेल."

"देवाला कळंल," आई म्हणाली. "मला कसं कळावं?"



"चार मान्सांत दिला हुता, भावजी. मनातल्या मनात परत घेऊ नका."

काकांनी प्याला मेजावर ठेवला, आईच्या हातातून कप घेतला आणि मंडळीकडे वळले. वचन वाचतात त्याच आवाजात ते बोलू लागले.

"मंडळी, माझा भाऊ लग्न करून आला त्या दिवशी त्याच्या बायकोला मी घरात घेतलं नाही. पडवीत बसवलं आणि या कपातून चहा दिला. हा सरपणवाल्या बाईसाठी ठेवलेला होता. ती मांगवाड्यातली म्हणून. सगळ्यांसमोर म्हणालो, तुझा हा वेगळा. आणि तिचा चहा पिऊन झाल्यावर म्हणालो, धुऊन बाहेरच ठेव."

तेव्हा मला कळलं. रोज विसळून ओट्यावर पालथा घातलेला तो कप. ते शेवटचं वाक्य आईने मला सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांनीही ते तिच्या तोंडून निघालं नसावं.

मंडळीत चुळबूळ सुरू झाली. मांगवाडा, महारवाडा हे शब्द त्या भिंतींच्या आत कोणी उच्चारत नसे. सगळे प्रभूची लेकरं. पण किती लेकरांच्या पडव्यांत कोनाडे होते आणि त्या कोनाड्यांत काय होतं, ते ज्याचं त्याला माहीत होतं. एक म्हातारे पंच उठून म्हणाले, "एलीयाराव, हे देवाचं घर आहे. घरातल्या गोष्टी घरी. बसा."

"वीस वर्षं बसलोच होतो," काका म्हणाले. मग आईकडे वळून, पहिल्यांदाच नाव घेऊन म्हणाले, "सगुणा, मी चुकलो. मला माफ कर."

आता सगळी मंडळी आईकडे बघू लागली. बायकांनी पदर तोंडाला लावले होते. पाळकांचा चेहरा उजळला होता, अशी साक्ष त्यांना दुसऱ्या कुठल्या गावात मिळाली असती? बाबा पुरुषांच्या बाजूला उभे राहून हात जोडत होते, देवाला की आईला कोण जाणे. सगळ्यांना एकच शब्द हवा होता, आणि तो लगेच हवा होता.

आई म्हणाली, "वता त्यात."

काकांनी मोठ्या प्याल्यातून कपात द्राक्षरस ओतला.

"तुमी प्या."

त्यांनी कप ओठाला लावला. अंगठा चिरेवर बसला नाही. लाल थेंब पांढऱ्या चादरीवर पडले, एक, दोन, मग धार. ते पिऊन संपेपर्यंत आई समोर उभी राहिली. मग तिने कप त्यांच्या हातातून काढून घेतला, पदराखाली ठेवला, मेजावरचा मोठा प्याला स्वतः दोन्ही हातांनी उचलला आणि प्याली. आणि तो माझ्या ओठी लावला.

माझं पहिलं प्रभुभोजन मला पाळकांनी दिलं नाही, पंचांनी दिलं नाही. आईने दिलं. बाईच्या हातून प्याला घेणारी त्या मंदिरातली मी पहिलीच. पाळक चष्मा पुसत राहिले आणि म्हाताऱ्या पंचांनी मान फिरवली. मला ती चव अजून आठवते.

घरी आलो तेव्हा बाबा ओट्यावर बसून हसत होते, रडत होते. "सुटलं गं सगळं," म्हणत होते. "देवाने सोडवलं." आई मोरीवर कप धूत होती. मी तिच्यापाशी गेले.

"माफ केलंस ना?"

"न्हाई."

"तू शब्द दिला होतास. ओळखतील त्या दिवशी, म्हणाली होतीस."

"म्हनाले हुते." तिने कप उजेडाकडे धरून चीर पाहिली. "पर त्यो दिवस त्यांनी मला कळूच दिला न्हाई. पैल्या दिशी वळखला, आन् रोज माझ्या हातचा चहा पीत ऱ्हायले. आन् मी दाराआड हुबी. रोज. त्यांचं पुन्य चालू हुतं, आन् मी पडवीत बसले हुते. पुन्यांदा."

मला ते पटलं. आजही पटतं. लोक म्हणतात, हन्ना आईवर गेली, आणि ते तोंड वाकडं करून म्हणतात. मी ते कौतुक समजते.

काका त्यानंतर दर रविवारी उपासना झाली की आमच्याकडे यायला लागले. बाबांना भाऊ मिळाला. दोघे ओट्यावर बसून जुन्या गोष्टी काढायचे, हसायचेसुद्धा. घरात नवे कप आले, मग स्टीलचे पेले आले, मग माझं लग्न होऊन मी सासरी गेले आणि माहेरपणाला आले की बघायची, काकांपुढे तोच. आई तो स्वतः आणून ठेवायची. एकदा माझ्या नवऱ्याने न राहवून म्हटलं, "मामी, आता तरी बदला की हो तो कप." आईच्या आधी काकाच म्हणाले, "राहू द्या. सवय झालीय." आई त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी कप पिऊन संपवला, उठले, विसळला आणि बाहेर ठेवला. तो उचलून आत न्यायला आई कधी गेली नाही. मी असले की संध्याकाळी मीच आणायची.

काका गेले ते एका उन्हाळ्यात, झोपेत. पेटी मंदिरात ठेवली होती, आजोबांच्या मेजावर. आईने बाबांचा हात धरला होता. दफनभूमीत पाळकांनी प्रार्थना केली आणि पेटी खाली गेली. मग मूठमाती द्यायला एकेक जण पुढे होऊ लागला. आधी काकांची पुण्याची मुलं, मग बाबा.

आई पुढे गेली आणि वाकली. पिशवीतून तिने कप काढला, त्यात माती भरली, कडेला बोटाने सारखी केली, आणि खड्ड्यात ओतली. पेटीवर पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता कपही टाकेल. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

आईने कप पदराने आतून बाहेरून पुसला आणि परत पिशवीत ठेवला.

वाटेत मी विचारलं, "त्यांच्याबरोबर का नाही टाकलास? संपलं असतं."

"त्यो माझा हाय," आई म्हणाली. "त्यांनीच दिल्याला."